ओट्याचा दगड आणि त्याची धूळ

शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलालेख असलेले अंबरनाथ पूर्वेचे शिवमंदिर दख्खनच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, घडवलेले आहे; त्याच अंबरनाथमधील नव्या इमारतींत स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी मात्र बाहेरून आलेला ग्रॅनाइट, आणि अलीकडे ‘क्वार्ट्झ’ या नावाने विकला जाणारा कृत्रिम दगड, बसवला जातो. आरोग्याच्या दृष्टीने या दगडांत मोठा फरक आहे, तो त्यांतील सिलिकामुळे. सिलिका म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग. बेसाल्टच्या रासायनिक पृथक्करणात ते सुमारे निम्मे भरते खरे, परंतु ते बहुतांशी फेल्डस्पार व पायरॉक्सीन या खनिजांत बांधलेले असते, आणि फुप्फुसाला ज्याचे खरे भय आहे ते मोकळे, स्फटिकरूप सिलिका, म्हणजेच गारगोटीचे द्रव्य, पोकळ्यांत साचलेल्या गारगोट्या वगळल्यास त्यात फारच थोडे असते. ग्रॅनाइटमध्ये ते साधारणतः पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतके असते. कृत्रिम दगड म्हणजे तर रेझिनने सांधलेला क्वार्ट्झचा चुराच असून त्यात हे प्रमाण बहुधा ९० टक्क्यांच्या वर जाते. संगमरवर व शहाबादी फरशी हे चुन्याच्या जातीचे दगड असल्याने त्यांत ते तुलनेने कमी आढळते.

बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटणाऱ्या माणसाला या सिलिकापासून काहीही धोका नाही. सिंक वा शेगडीसाठी दगडात खाच पाडताना, कड गोल करताना कटर किंवा ग्राइंडर कोरडा चालला, की धोका सुरू होतो. त्या वेळी डोळ्यांना दिसणारी भुकटी लवकर खाली बसते. सुमारे ४ मायक्रॉनहून बारीक कण मात्र तासन्‌तास हवेत तरंगतात आणि थेट वायुकोशांत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू न शकल्याने स्वतः मरतात, आणि वारंवार होणाऱ्या या दाहातून फुप्फुसात कठीण व्रणऊतक वाढते. हाच सिलिकोसिस, तो बरा करणारे औषध नाही. कृत्रिम दगडाच्या कारागिरांत तो तरुण वयातच दिसू लागल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली.

दुपारी कटर बंद ठेवण्याचा नियम अनेक सोसायट्यांत असतो. कटर पाण्याशिवाय चालवू नये, असा नियम क्वचितच आढळतो. आवाजाचा त्रास शेजाऱ्याला होतो, धुळीचा मिस्त्रीला, हेच त्याचे कारण दिसते. वस्तुतः मापे आधी देऊन खाचा व कडा दुकानातच पाण्याखाली कापून घेतल्यास घरातील बहुतेक धूळ टळते. उरलेले काम पात्यावर सतत पाणी सोडून करावे, मात्र पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने यंत्र त्यासाठीच बनवलेले असावे व जोडणीवर वीजगळती-रोधक स्विच असावा. नाकाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखवटाच हवा. कोरडा झाडू आणि पंखा बसलेली धूळ पुन्हा उडवतात, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला सरकारला कळवण्याजोग्या रोगांत स्थान दिले, परंतु सदनिकेत काम करणारी दोघा-तिघांची टोळी कारखान्यात मोडत नाही. तिच्यातील कारागिराचा खोकला पुष्कळदा क्षयरोग समजला जातो. सिलिकोसिसमध्ये क्षयाची शक्यताही खरोखरच वाढत असल्याने निदान अधिकच अवघड होते. अशा रुग्णाच्या क्ष-किरण चित्राइतकीच, तो कोणता दगड किती वर्षे कोरडा कापत आला, ही माहिती डॉक्टरला आवश्यक असते.