आधी वजन उतरवा

बीपीचा पट्टा माझ्या दंडाला पुरत नाही. वेल्क्रो जेमतेम चिकटतं आणि हवा भरली की चर्रकन सुटतं. मग सिस्टर तो हाताने दाबून धरतात आणि आकडा लिहून घेतात. मी वर्षानुवर्षं ज्या दवाखान्यात जात होते, तिथे हे नेहमीचंच होतं. बीपी 158/98 यायचं, गोळी वाढायची आणि डॉक्टर म्हणायचे, "आधी वजन उतरवा, बाकीचं नंतर बघू." उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते असं सांगितलं, तरी उत्तर तेच.

पुढे एका दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी टेप मागवली. दंडाचा घेर भरला 46 सेंटिमीटर. नेहमीचा पट्टा साधारण 34 पर्यंतच्या दंडासाठी असतो. अपुऱ्या पट्ट्याचा दाब धमनीपर्यंत नीट पोचत नाही, जास्त हवा भरावी लागते आणि बीपी फुगून दिसतं. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या 2023 सालच्या अभ्यासात, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांचं वरचं बीपी नेहमीच्या पट्ट्याने सरासरी जवळजवळ 20 ने जास्त आलं होतं. मोठ्या पट्ट्यावर माझं 134/84 आलं. बाईंनी गोळी कमी केली आणि अंधारी थांबली. इतकी वर्षं जादा गोळीचा त्रास माझ्या जाडीच्या नावावर खपला, याचा मला संताप येतो.

वजन उतरवायला माझी ना नाही. उतरवलंय, परत चढलंय. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचं जनुक सापडलं, तेव्हापासून माहीत आहे की चरबीच्या पेशीच मेंदूला साठ्याची खबर देतात. चरबी घटली की ही खबर देणारं लेप्टिन उतरतं आणि भूक खवळते. तरीही "तोंडावर ताबा ठेवा" हे मला तपासणीच्या टेबलावर ऐकावं लागतं.

माझे धाकटे दीर अगदी काटकुळे. त्यांना कुणी साखर तपासायला सांगितलंच नाही. पायाची जखम चिघळली तेव्हा मधुमेह कळला. आणि हे पुण्यात, जिथल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच, 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातही चरबी लपलेली असते, हे त्यातून जगाला दिसलं. माझ्याकडे बघून डॉक्टरांनी तपासणी थांबवली, दिरांकडे बघून ती सुरूच केली नाही.

आता दीरही त्या बाईंकडेच जातात. पहिल्याच दिवशी त्यांनी दिरांच्या पोटाचा घेर मोजला आणि तळपायांना स्पर्श कळतो का, ते एकेक बोट धरून पाहिलं.