वर्गणीची वही

वर्गणी देणें आणि वर्गणी मागणें या दोन क्रियांपैकीं पहिलीचा अनुभव आम्हांस पुष्कळ वर्षांचा आहे. गणेशोत्सव, ग्रंथालयाची इमारत, पूरग्रस्तांचा निधि, आळींतील मारुतीच्या देवळाचा कळस, यांपैकीं कोणत्याहि निमित्तानें दारावर थाप पडली कीं चष्मा कपाळावर चढवून पाकीट शोधावयाचें, मनांत योजिलेल्या रकमेंतून थोडी कमी करावयाची आणि पावती हातांतल्या पुस्तकांत खूण म्हणून घालावयाची, हा आमचा शिरस्ता. थाप मारणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं काय चाललेलें असतें, याचा विचार करण्याचा प्रसंग मात्र वयाची पंचावन्नी उलटेपर्यंत आला नव्हता. गेल्या हिंवाळ्यांत तो आला.

आमच्या आक्काला रेटिनायटिस पिग्मेंटोझा नांवाचा नेत्रविकार आहे. हें लांबलचक नांव आमच्या घरांत फार उशिरां आलें. लहानपणीं आम्हांस ठाऊक होता तो रातांधळेपणा. दिवेलागण झाली कीं आमच्याहून चार वर्षांनीं मोठी असलेली आक्का अंगणांतून घरांत येतांना आमचें बोट धरी, आणि आम्ही मोठ्या ऐटीनें तिला पायऱ्या मोजून दाखवीत असूं. आईनें तिला गाजरें खाऊं घातलीं, शेवग्याचा पाला खाऊं घातला, वैद्यांचें घृत दिलें. अ जीवनसत्त्वाच्या अभावीं येणारें रातांधळेपण अशा आहारानें हटतें. आक्काचें तसें नव्हतें, हें मागाहून कळलें. तिच्या डोळ्यांच्या पडद्यांतील, अंधुक उजेडांत पाहणाऱ्या पेशी आनुवंशिक दोषामुळें एकेक करून विझत होत्या. आधीं रात्र गेली, मग दोन्ही बाजूंचें दिसणें गेलें. वेळूच्या नळींतून पाहावें तसें जग अरुंद होत गेलें आणि चाळिशीच्या आंत ती नळीहि बुजली. पहिल्या नेत्रवैद्यांनीं आईस सांगितलें होतें, "यावर आज उपाय नाहीं." त्या वाक्यांतील 'आज' हा शब्द आईनें जन्मभर जपून ठेवला.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थ्यास हाच विकार असल्याचें निघालें. त्याच्या सोबत्यांनीं ठरविलें कीं एका रविवारीं पहांटे टेकडीपर्यंत पदयात्रा काढावयाची, प्रत्येकानें ओळखीपाळखीच्या लोकांकडून वर्गणी जमवावयाची आणि ती रक्कम नेत्रसंशोधन करणाऱ्या एका संस्थेस द्यावयाची. आक्काचे भाऊ म्हणून वर्गणीची वही आमच्या हातीं आली.

ही कल्पना मुलांना अमेरिकेवरून सुचली होती. तिकडे १९७१ सालीं, दोन मुलींना हा विकार झालेल्या बर्मन दांपत्यानें आणि याच विकारानें नुकतीच दृष्टि गमावलेल्या गॉर्डन गुंड यांनीं इतर कांहीं कुटुंबांसह एक प्रतिष्ठान स्थापिलें. इलाज नाहीं हें उत्तर ऐकून घरीं बसण्याऐवजीं इलाज शोधणाऱ्यांस पैसा पुरवावा, एवढाच त्यांचा साधा विचार. त्यांच्या साह्यानें १९७४ सालीं बॉस्टन येथें डॉ. एलियट बर्सन यांची प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ पासून या प्रतिष्ठानानें गांवोगांवीं वर्गणीच्या पदयात्राहि सुरू केल्या. परंतु थेंबाथेंबानें तळें सांचविण्याची ही रीत शिकण्यासाठीं आपणांस समुद्र ओलांडावयास नको. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकाकडून वर्षास एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला, ही हकीकत आमच्या आजोबांच्या पिढीस तोंडपाठ होती. मात्र काळ्यांच्या पैशाची कांच निदान हातांत घेऊन पाहतां येत होती. आमची अडचण येथूनच सुरू झाली.

पेठेंतील एक कापडाचे व्यापारी दानशूर म्हणून प्रसिद्ध आहेत. वडिलांच्या पुण्यतिथीस ते दरवर्षीं पन्नास गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलतात. आम्हीं वही पुढें करतांच त्यांनीं चहा मागविला आणि शांतपणें म्हणाले, "सर, मोतीबिंदूचें सांगा, आणखी दहा करून देतों. दुसऱ्या दिवशीं पट्टी सुटते, म्हातारी माझ्याकडे पाहून हंसते. पैसा कोठें गेला तें मला दिसतें. तुमचा पैसा जाणार प्रयोगशाळेंत. त्याचें पुढें काय झालें तें मला कोण सांगणार, नि केव्हां?"

तीस वर्षें वर्गांत शंकांचें निरसन केलेल्या आम्हांस उत्तर सुचेना. आम्ही चहा पिऊन परत आलों. उत्तर सुचलें तें घरीं, आणि तें त्यांच्याच मोतीबिंदूंत दडलेलें होतें. महायुद्धांतील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण शिरत. ते डोळ्याला बाधत नाहींत, असें लंडनच्या हॅरल्ड रिड्ली यांच्या ध्यानांत आलें. त्याच द्रव्याचें भिंग करून तें त्यांनीं २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं मोतीबिंदु काढलेल्या एका डोळ्यांत बसविलें. त्यांच्या व्यवसायबंधूंनीं त्यांस वेड्यांत काढलें, आणि हा विरोध कित्येक वर्षें टिकला. आज पेठेंतील म्हातारी पट्टी सुटतांच हंसते, ती त्या वेडाच्या जोरावर. दिसणाऱ्या दानाच्या मागें कोणाचें तरी न दिसलेलें दान उभें असतें.

हें सारें आम्हीं दुसऱ्या खेपेस व्यापाऱ्यांस ऐकविलें. ते म्हणाले, "तुमचा रिड्ली खरा ठरला, पण तोंवर मी कोठें असेन?" तरीहि त्यांनीं वहींत एका शस्त्रक्रियेएवढी रक्कम लिहिली आणि हंसून म्हणाले, "ही एकावन्नावी समजा."

या विजयानें आमची वाणी फारच मोकळी झाली. आतां आम्ही घरोघर एक सुरस कथा सांगूं लागलों, आणि ती अक्षरशः खरी होती. हेल्महोल्ट्झ यांनीं १८५१ सालीं डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र प्रसिद्ध केलें, तेव्हां जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा वैद्यांस दिसूं लागला. पुढें जवळजवळ एकशें चाळीस वर्षें या विकाराचें वर्णन तेवढें होत राहिलें. १९९० सालीं बॉस्टनच्या संशोधकांस त्याच्या मुळाशीं असलेला ऱ्होडॉप्सिन या जनुकांतील दोष सांपडला. १९९३ सालीं आरपीई ६५ हें दुसरें जनुक हातीं लागलें. त्याच्या दोषामुळें जन्मतः आंधळ्या असलेल्या, लॅन्सलॉट नांवाच्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्याच्या डोळ्यांत निर्दोष जनुक सोडण्यांत आलें, आणि कुत्रा पाहूं लागला. ही वार्ता २००१ सालीं प्रसिद्ध झाली. या श्वानप्रयोगांना त्या बर्मन-गुंडांच्या प्रतिष्ठानाचा, म्हणजे वर्गणीचा, आधार होता. डिसेंबर २०१७ मध्यें हाच उपचार माणसांसाठीं अमेरिकेंत मान्य झाला.

ही कथा आम्हीं एका शिक्षिकेच्या घरीं सांगितली. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलास हा विकार आहे. बाई एकटक ऐकत होत्या. शेवटीं त्यांनीं विचारलें, "म्हणजे माझ्या मुलाला किती वर्षांनीं?" आम्ही क्षणभरच थांबलों असूं. "पांच-सात वर्षांत कांहीं तरी निघेलच," असें आमच्या तोंडून गेलें. बाई आंत गेल्या आणि वीस हजार रुपये घेऊन बाहेर आल्या. आमच्या वहींतील ती सर्वांत मोठी रक्कम होती. आम्हीं पावती फाडून दिली.

कथेंतील जो भाग आम्हीं त्या घरीं सांगितला नाहीं, तो असा. २०१७ चा उपचार ज्यांच्या त्या एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात त्यांनाच लागू पडतो, आणि असे रुग्ण फारच थोडे. या विकारास कारण होणारीं जनुकें ऐंशींहून अधिक आहेत. बाईंच्या मुलाचा दोष कोणत्या जनुकांत आहे, याची तपासणीहि झालेली नव्हती. शिवाय त्या उपचाराची किंमत अमेरिकेंत दोन डोळ्यांना ८,५०,००० डॉलर ठेवण्यांत आली होती. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें.

रात्रीं जेवतांना वीस हजारांची वार्ता आम्हीं आक्काला मोठ्या उत्साहानें सांगितली. तिनें हातांतला घांस ताटांत ठेवला. "पांच वर्षांत, असें तुला कोणीं सांगितलें?" तिनें विचारलें. आम्ही गप्प. "अरे, मला पुढच्या प्रत्येक डॉक्टरानें 'पांच वर्षें' सांगितलीं. एकाचीं संपलीं कीं दुसऱ्याचीं सुरू. त्या शब्दावर विसंबून मी पांढरी काठी शिकलें नाहीं, ब्रेल शिकलें नाहीं. आतां दिसणारच आहे तर कशाला, असें वाटे. डोळे गेले, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण तीं वर्षें गेलीं, तीं त्या एका शब्दानें नेलीं. तूं त्या पोराला तोच शब्द देऊन आलास?"

आक्का इतकें सलग क्वचितच बोलते. आईनें जपलेला 'आज' आणि आम्हीं देऊन आलेलीं 'पांच वर्षें' यांत केवढें अंतर आहे, हें भाषा शिकविण्याचा धंदा करणाऱ्या आम्हांस तिच्याकडून कळावें, याची लाज वाटली. त्या 'आज'मध्यें ठाऊक नसल्याची कबुली होती. आमचीं पांच वर्षें म्हणजे वर्गणी वाढविण्यासाठीं दिलेली लांच होती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही बाईंकडे गेलों. थाप मारण्यापूर्वीं दाराशीं बराच वेळ उभे होतों. आंत जाऊन राहिलेला भाग सांगितला, आक्काची गोष्टहि सांगितली, आणि वीस हजार रुपये टेबलावर ठेवले. बाई रागावल्या असत्या तर बरें वाटलें असतें. त्या नुसत्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग त्यांनीं नोटा मोजल्या आणि दहा हजार उचलले. "यांतून त्याची जनुकतपासणी करतें, आणि काठीच्या वर्गाला घालतें," त्या म्हणाल्या. उरलेले दहा हजार त्यांनीं आमच्याकडे सरकविले. "हे असूं द्या. माझ्या मुलाच्या उपयोगीं नाहीं पडले, तर दुसऱ्या कोणाच्या पडतील." आम्हीं जुनी पावती रद्द करून अर्ध्या रकमेची नवी लिहिली. लिहितांना आमचा हात किंचित् कांपत होता.

पदयात्रेच्या पहांटे धुकें होतें. तो विद्यार्थी मित्राचा खांदा धरून चालला होता. आक्कानें आमचा कोपर धरला होता. पायऱ्या आल्या कीं आम्ही पूर्वींप्रमाणें मोजून दाखवीत होतों. निघण्यापूर्वीं तिनें आपले पांचशें रुपये वहींत लिहावयास लावले होते आणि बजावलें होतें, "किती वर्षांनीं, तें मात्र मला सांगूं नकोस." जमलेली एकंदर रक्कम मोठी नव्हती, प्रयोगशाळेंतील एखादें चांगलें यंत्रहि तींत आलें नसतें.

वही आतां आमच्या कपाटांत आहे आणि येत्या हिंवाळ्यांत ती पुन्हां बाहेर निघेल. 'किती वर्षांनीं?' या प्रश्नास आम्ही आतां 'ठाऊक नाहीं' असें उत्तर देतों. तें देऊं लागल्यापासून दर घरची वर्गणी थोडी उतरली आहे, हेंहि वाचकांपाशीं कबूल केलें पाहिजे.