मार्कंडेय नदीच्या घळीत

गोकाक म्हटले की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, करदंट आणि धबधबा. पावसाळ्यातल्या रविवारी गाडी काढायची, झुलत्या पुलाजवळ फोटो काढायचे, करदंटाचे दोन डबे घ्यायचे आणि अंधार पडायच्या आत बेळगाव गाठायचे. माझे तर सासरच गोकाक फॉल्सचे. तरी लग्नाला अठरा वर्षे झाली, मीही एवढेच गोकाक पाहिले होते. गेल्या ऑगस्टमध्ये मामंजी म्हणाले, "ह्या खेपेला गोडचिनमलकीला जाऊ. चालायची तयारी ठेवा."

गोडचिनमलकीचा धबधबा घटप्रभेचा नव्हे, आपल्या मार्कंडेय नदीचा. आपल्या अशासाठी, की राकसकोपला अडवलेले तिचेच पाणी बेळगावच्या नळांना येते. उचगाव, कंग्राळी, काकती अशा ओळखीच्या गावांजवळून ती पूर्वेला जाते, शिरूरच्या धरणात थांबते आणि मग गोकाकच्या अलीकडे खडकात शिरते. घटप्रभा गोकाकला एकाच उडीत सुमारे ५२ मीटर खाली येते. मार्कंडेय मात्र दोन टप्पे घेते, आधी सुमारे २५ मीटर, मग थोडे वाहून आणखी २०.

गावात गाडी ठेवून आम्ही रानवाटेने निघालो. पुढे मामंजी, मागे आठवीतला आमचा चिरंजीव, शेवटी मी. हातात भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपे, वर लख्ख ऊन. पाण्याचा आवाज आधी आला, पाणी नंतर दिसले. समोर तांबूस वालुकाश्माचे थरावर थर रचलेले कडे आणि त्यांच्यामध्ये वळत गेलेली घळ. आपण घळ म्हणतो, मामंजी कोळ्ळ म्हणतात. योगिकोळ्ळ हे नाव आपण नेहमी घेतो, पण त्यातला कोळ्ळ मला त्या दिवशी दिसला.

मी भूगोलाची प्राध्यापिका. गप्प कशी बसणार? पाणी खालचा खडक कसे पोखरते, वरचा थर कसा तुटतो, धबधबा हजारो वर्षांत मागे मागे सरकतो आणि पुढे घळ कशी उरते, हे मी मुलाला सांगत होते. त्याचे लक्ष मात्र पात्रातल्या एका सपाट खडकावर. चपला काठावर काढून तो तिकडे निघालासुद्धा.

मामंजींनी मला विचारले, "निम्म ऊराग मळी ऐतेनु?"

आमच्या गावच्या पावसाचे इथे काय काम, असे मला वाटले. "इथे तर ऊन आहे, मामंजी," मी म्हणाले. ते काठाशी वाकून पाहत होते. मघाचे पाणी थोडे गढुळले होते, काडीकचरा आणि फेस वाहून येत होता. त्यांनी एकदम आवाज चढवला, "म्याल बा! म्याल बा!" अज्जा असे ओरडलेले मुलाने कधी ऐकले नव्हते. तो परतला, पण तोंड फुगवूनच.

आम्ही वर येऊन भाकरी सोडली. मुलगा जेवेना. अर्ध्या तासाने त्यानेच मला हलवले. तो सपाट खडक दिसत नव्हता. जिथे चपला काढल्या होत्या, तिथूनही पाणी वाहत होते. डोक्यावर तेव्हाही ऊनच होते.

उचगावच्या नणंदेला फोन लावला. तिकडे शुक्रवारपासून झड लागली होती. मध्ये धरण आहेच. तिथून पाणी सोडले की इथे वाढणार. 'पाणलोट क्षेत्र' ही व्याख्या मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आले. मामंजी सातवीपर्यंत शिकलेले, मिलमध्ये नोकरी केलेले. ते एवढेच म्हणाले, "कोळ्ळात उतरताना वरचे आभाळ बघून चालत नाही. नदी जिथून येते, तिथले बघायचे." २०१९ च्या ऑगस्टमध्ये ह्याच नद्यांचे पाणी गोकाकात शिरले, ते त्यांनी पाहिलेले आहे.

आपणही जरूर जा. घळ वरूनच उत्तम दिसते. पायांत घट्ट बूट, सोबत पिण्याचे पाणी आणि गावातला कुणी माहीतगार असू द्या. निघण्यापूर्वी बेळगावकडच्या पावसाची आणि शिरूर धरणाची चौकशी करा. पाण्याचा रंग बदलला, काडीकचरा येऊ लागला, आवाज वाढला, की फोटो राहू दे, वर या.

आता आमच्याकडे झड लागली, की चिरंजीव आधी फोन उचलतो. "अज्जा, इल्ली मळी ऐती. कोळ्ळाकडे जाऊ नका."