बालवाडी बुडवून कर्नाळ्याला



मागे पनवेल तालुक्यातल्या एका गावी वालाच्या पिकावर बैठक होती. बैठक आटोपली, चहा झाला, तशी एक बाई पुढे आल्या. मला वाटले, माव्यावरचे औषध विचारणार. त्यांनी विचारले ते निराळेच. "साहेब, पोरगी चार वर्षांची हाय. दोन दिस माहेरी न्यायची हाय. अंगणवाडीतून नाव तर नाय ना कापनार?"

मी म्हटले, "खुशाल न्या. फक्त ताईंना आधी सांगून ठेवा."

शेतकी खात्याच्या माणसाने शाळेच्या गोष्टीत का पडावे, असे तुम्ही म्हणाल. पण हा प्रश्न शेतीच्या वेळापत्रकाचाच आहे. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी येते तेव्हा भात कापणीला आलेले असते. मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा ऊन, लग्नसराई आणि पावसाआधीची बांधबंदिस्ती. भाताची झोडणी होऊन दाणे घरात आले, वाल वर आला, की पौष-माघात चार दिवस हात मोकळे होतात. नेमकी तेव्हा शाळा भर जोरात असते. नोकरदाराची सुट्टी आणि शाळेची सुट्टी जुळते, शेतकऱ्याची जुळत नाही.

आता कायद्याचे सांगतो. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आतल्या मुलाला शाळेची सक्ती नाही. पहिलीपासून गोष्ट वेगळी. तिथे बेरीज चुकली की वजाबाकी अडते, तेव्हा त्या मुलांना उगाच घरी ठेवू नका. पण चार वर्षांच्या पोराचे दोन दिवसांत काय बुडते? एक गाणे आणि एक चित्र.

हे शहाणपण मला उशिरा आले. 2000 साली माझा मुलगा शिशुवर्गात होता. माझी आई अलिबागकडे गावी असे. त्या जानेवारीत तिने दोनदा निरोप धाडला, नातवाला घेऊन ये. मुलाचे स्नेहसंमेलन जवळ आले होते, तो ससा होणार होता, तालीम बुडेल म्हणून मी नेले नाही. होळीच्या आधी आई गेली. मुलाला आज ससा आठवत नाही आणि आजीही आठवत नाही.

म्हणून गेल्या माघात नातीला घेऊन निघालो. ती चार वर्षांची. सूनबाई घाबरल्या होत्या, "बाबा, शाळेच्या वहीत शेरा येईल." मी म्हटले, येऊ द्या. पेणला तिची पणजी आहे, म्हणजे माझ्या सासूबाई. तिला भेटायचे आणि वाटेत काय दिसेल ते बघायचे, एवढाच बेत.

पहिल्या दिवशी खाडीकडच्या खारजमिनीवर गेलो. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे. क्षार सोसणाऱ्या भाताच्या पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या जाती तिथल्याच. पावसाने मीठ धुऊन जाते तेव्हा भात येते, आणि उन्हाळा लागला की ओलाव्याबरोबर मीठ पुन्हा वर चढते, हे तुम्हाला मी सांगायला नको. नातीला सांगू लागलो तर तिने बांधावरची माती बोटाने उचलून सरळ जिभेला लावली. "आजोबा, खारट!" दापोलीला बी.एस्सी. करताना हे शिकायला मला कितीतरी तास लागले होते. पुढे तिवरांच्या मुळाशी चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चालतो, हे तिला काही केल्या पटेना. तासभर तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलच्या स्टँडवरून पेणची एस.टी. धरली. पळस्पे फाटा मागे पडला की शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथे 1845 साली झाला. थोड्या वेळाने कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. किल्ल्याच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य 1968 पासूनचे. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर. थंडीत बाहेरगावचे पाहुणे पक्षीही असतात, म्हणजे आपली सवड आणि पाखरांची सवड एकाच वेळी येते.

चार वर्षांच्या मुलाला घेऊन किल्ला चढू नका. चढ दमवणारा आहे आणि सुळक्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात. खालच्या झाडीतच फिरा. आम्हाला भृंगराज दिसला, शेपटीला दोन लांब तारा, टोकाला पिसांचे झुबके. तो दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो. नातीने त्याची नक्कल केली, त्यावर तो गप्प बसला. माकडांपासून मात्र खाऊची पिशवी सांभाळा. महामार्गावर गाड्या सुसाट असतात, उतरल्यापासून मुलाचे बोट सोडू नका. घरचे पाणी, भाकरी आणि चटई न्या. दुपारी मूल सावलीत झोपले की तुम्हीही पडा. एका दिवसात चार ठिकाणे उरकायचा हट्ट मोठ्यांचा असतो, मुलाला एक खेकडा पुरतो.

जाण्याआधी अंगणवाडीत दोन गोष्टी विचारा. वजन किंवा लसीकरणाचा दिवस तर नाही ना? पाच वर्षांच्या आतल्या मुलांना दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा डोस असतो, तो चुकवू नका.

आणि एक. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतली मुले दिवाळीनंतर कित्येक महिने आईबापांबरोबर बाहेर असतात. ती सहल नव्हे. तिथे गरम जेवण आणि वजनाची नोंद दोन्ही बुडतात. जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत मुलाची नोंद होऊ शकते. मालकाकडे उचल मागता तसे गेल्या दिवशीच अंगणवाडी कुठे आहे ते विचारा. मुले येत नाहीत तर आपण जावे, हा धडा बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी घालून दिला. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत.

पेणला पोचलो तेव्हा सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. दिसते कमी, म्हणून त्यांनी नातीचे तोंड हातांनी चाचपले. नात म्हणाली, "पणजी, तुला माहीत आहे, माती खारट असते?" त्या म्हणाल्या, "आमच्या खारीतली तर लईच." मग दोघी रात्रीपर्यंत निवट्यांवर बोलत होत्या.

शेरा आलाच, लाल शाईत. सूनबाईंनी त्याखाली सही केली.