पोचे, पत्रा आणि सोयाबीन

परभणीत डेंटिंग-पेंटिंगचा धंदा कसा चाललाय हे कळायचं असेल तर मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारावा. गाडी उन्हाळ्यात ठोकलेली असते आणि पोचा निघतो दिवाळीनंतर. मधले महिने मालक तसाच हिंडतो. दार लागतंय, लाइट लागतोय, मग घाई कसली? माल विकला की आधी कृषी केंद्राची उधारी, मग सोसायटी, मग घरातलं लग्नकार्य. पत्र्याचा नंबर त्यानंतर. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, पण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्याचं पीकच सडलं त्याला भावाचं काय? त्याची गाडी पोच्यासकटच फिरणार.

०

म्हणजे अपघात वाढले की गॅरेजला बरकत, हा हिशोब इथे लागू नाही. कामं साचलेली आहेतच, ती करून घ्यायला पैसा लागतो.

०

राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी, मानवत, परभणी करत वसमतकडे जातो. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो. उंच जनावर, त्यामुळे बोनेट, समोरची काच, कधी छतही जातं. रानडुक्कर बुटकं, ते बंपर फोडून खालून रेडिएटरपर्यंत पोचतं. नुकसान बघूनच कारागीर सांगतो, काय धडकलं ते.

ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात उभ्या ट्रॉल्या. मागे लाल पट्टी नाही, दिवा नाही. तिथे पत्र्याचा प्रश्न उरत नाही, माणसं जातात. रिफ्लेक्टरची पट्टी काही फार महाग नसते. प्रत्येक ट्रॉलीला ती लावल्याशिवाय ऊस उतरवूनच घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

०

विम्याचं गणित एकदा मांडून बघावं. समजा गाडी सहा वर्षांची, बाराशे सीसीची. नवा बंपर ६,००० आणि फेंडर ४,००० रुपयांचा. प्लास्टिकवर घसाऱ्याची निम्मी घट, म्हणजे तीन हजार आपले. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ४० टक्के घट, म्हणजे सोळाशे आपले. वर क्लेममधून सक्तीने कापले जाणारे १,००० रुपये. दहा हजारांतले ५,६०० खिशातून गेले, रंगाच्या मालातला वाटा वेगळाच. शिवाय नो क्लेम बोनस गेला. पाच वर्षं क्लेम न करता तो ५० टक्क्यांवर चढलेला असेल, तर पुढच्या हप्त्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात.

असं गणित असल्यावर तीन-चार हजारांच्या पोच्यासाठी विमा कंपनीकडे कोण जाईल? गाडीवाला येतो जिंतूर रस्त्यावरच्या शेडमध्ये. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे त्यांना तर दुसरा मार्गच नाही. लहान गॅरेज टिकलं आहे ते याच कामांवर.

०

दाराचा पोचा काढताना बघण्यासारखं असतं. आतलं कव्हर उतरवून मागून लोखंडी डॉली टेकवायची आणि पुढून हातोडीचे हलके ठोके. सुरुवात मधून करायची नाही. आधी कडा सैल करायच्या, मग आत सरकायचं. पत्रा ताणला असेल तर गॅसच्या जोतीने एक ठिपका लाल करायचा आणि लगेच ओलं फडकं दाबायचं, तो आक्रसतो. मधूनमधून कारागीर तळहात पसरून पत्र्यावरून फिरवतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. हे सगळं नीट झालं तर लांबी, म्हणजे पुट्टी, पातळ लागते. घाईत काम उरकलं की खोलगट भाग लांबीनेच भरतात, आणि आपल्या रस्त्यांवर तो जाड थर पुढे भेगाळतो.

पोराला हे हातात यायला वर्षं जातात. मजुरी मात्र पॅनलमागे ठरते, हाताच्या कसबाला वेगळा दर नाही.

०

मोठ्या वर्कशॉपात ठोकण्यापेक्षा बदलण्याकडे कल. कॅशलेस हवं तर विमा कंपनीशी करार असलेलं वर्कशॉप लागतं. तिथे सर्व्हेअर येतो, नवा पार्ट मंजूर होतो, जुना भंगारात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे बदलणं आणखी सोपं झालं. गिऱ्हाइकाचा फायदा आहे, नाकारत नाही. पण सरळ होऊ शकणारं दार फेकून देणं मला पटत नाही. दुरुस्तीच्या मजुरीला विमा कंपन्यांनी चांगला दर दिला, तर पत्राही वाचेल आणि कारागीरही.

०

आयटीआयच्या देशभरच्या अभ्यासक्रमांत ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग असे एक-एक वर्षाचे ट्रेड आहेत. मराठवाड्यात जिल्ह्याजिल्ह्यात ते हवेत. इथली मुलं पुण्याला जाऊन हेच काम शिकतात आणि तिकडचीच होतात.

०

पावसाळ्यात रंगाचं काम अवघड. हवेत दमटपणा असला की लॅकरच्या रंगावर पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात वाळतं पटकन, पण धूळ बसते. बंद बूथ ज्याला परवडतो त्याचे हे दोन्ही प्रश्न बरेच कमी होतात.

आणि मास्क. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो. पोरं तोंडाला रुमाल बांधून गन चालवतात. रुमालाने वाफ अडत नाही. शेडच्या मालकाने आधी चांगले मास्क आणावेत, कॉम्प्रेसर नंतर बदलावा.

०

जुन्या गाड्यांचा बाजार हे वर्षभराचं काम. पुण्या-मुंबईकडून आणलेली गाडी विकण्याआधी रबिंग-पॉलिश करून, पोचे बुजवून चकाचक होते. घेणाऱ्याने खिशात छोटं लोहचुंबक ठेवावं, फडक्यात गुंडाळून. दारं, मागचे फेंडर, खांब यांवर फिरवावं. पकड जिथे ढिली पडते तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चुंबक लागणारच नाही. मग गाडी उन्हात उभी करून बाजूने तिरपं बघावं, दोन पॅनलच्या रंगातला फरक लगेच कळतो. भाव त्यानंतर बोलावा.