मधली पायरी

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. लहानपणापासून कानांवर असलेल्या या म्हणीत शिक्षणाला कुठेच जागा नाही, हे आजवर लक्षात आले नव्हते. धंदा करू पाहणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने कॉलेजात वर्षे घालवावीत की नाही, हा प्रश्न काही दिवसांपासून डोक्यात घोळतो आहे आणि दर वेळी ही म्हण आडवी येते. ती ज्यांनी रचली त्यांच्या जगात शेती बापाच्या मागे चालून शिकायची, व्यापार पेढीवर बसून शिकायचा आणि चाकरीत हुकूम झेलायचा. तिन्हींपैकी कशालाच वेगळी शाळा लागत नव्हती. आज लग्नाच्या बैठकीत मुलाची जी चौकशी होते ती ऐकली, तर म्हण पार उलटी झालेली दिसते. नोकरी वर गेली, शेती तळाला आली. या उलथापालथीवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला मात्र मधला शब्द सोडवत नाही. वरचे खाली आले, खालचे वर गेले, व्यापार होता तिथेच राहिला. धंदा करणाऱ्या मुलाकडे पाहण्याची नजर तेव्हाही मध्यम होती, आजही मध्यमच आहे. चालला तर कौतुक, बुडाला तर ‘आम्ही सांगितलेच होते’. या बुडण्याच्या भीतीपोटीच घरोघर ते वाक्य उच्चारले जाते: आधी डिग्री घे, मग काय करायचे ते कर. यात डिग्रीकडून शिकण्याची अपेक्षा फारशी नसते. तिच्याकडे विमा म्हणून पाहिले जाते.

कॉलेज सोडा असे सांगणाऱ्यांची यादी तयार असते आणि ती बहुतेक अमेरिकेतून येते. बिल गेट्स १९७५ साली हार्वर्डमधून बाहेर पडले, झुकरबर्ग २००४ साली. पीटर थील यांची शिष्यवृत्ती २०११ पासून तरुणांना कॉलेज सोडण्यासाठीच एक लाख डॉलर देऊ लागली, आणि आपल्याकडच्या ओयोच्या रितेश अग्रवाल यांना ती २०१३ साली मिळाली. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती मोजताना मोठी चूक होते. सोडून गेलेले आणि बुडालेले कुणाच्याच यादीत येत नाहीत, कारण त्यांच्यावर पुस्तके निघत नाहीत. शिवाय गेट्स यांनी आधी रजा घेतली होती. परतीचा दरवाजा उघडा होता आणि घरी वडील नामांकित वकील होते. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याच्या किराण्याची विवंचना आहे, त्या मुलाच्या कॉलेज सोडण्याला आणि गेट्स यांच्या सोडण्याला एकच क्रियापद वापरणे मला बरोबर वाटत नाही. लवकर उडी घेतली नाही तर वेळ निघून जाते, असाही एक युक्तिवाद असतो. त्याला उत्तर देणारा एक अभ्यास आहे. पिएर अझुले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लाखो संस्थापकांची माहिती तपासली. सर्वांत झपाट्याने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय पंचेचाळीस निघाले, आणि त्याच व्यवसायात आधी काम केलेल्यांना यश मिळण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे घाई करण्याचे कारण नाही. पण या अभ्यासातली दुसरी गोष्टच मला जास्त अस्वस्थ करते: आधी काम केलेल्यांना. इथे डिग्रीची बाजू घ्यायला निघालो आणि हाती लागली नोकरी, म्हणीतली सर्वांत खालची पायरी.

म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे वळावेसे वाटते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण रंगांधळेपणा आडवा आला. रंग सुटले, यांत्रिक आरेखन मात्र हाताला लागले, आणि त्या जोरावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले, भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापायची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर. ते यंत्रे कुठे शिकले, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती, तरी त्यांची घडणीची वर्षे तंत्रशिक्षणाच्या संस्थेतच गेली. तिथल्या वर्कशॉपमधली यंत्रे हाताळत, मासिके वाचत. विद्यार्थी म्हणून नव्हे, पगारदार म्हणून. त्यांना कॉलेजची बाजू मांडायला बोलवायचे की कॉलेजविरुद्ध? धीरूभाई अंबानींचेही तसेच. मॅट्रिकनंतर ते एडनला गेले आणि ए. बेसे या व्यापारी कंपनीत नोकरी करताकरता बाजार शिकले. म्हणीने जिला कनिष्ठ म्हटले, तीच या माणसांची शाळा ठरली. तेव्हा म्हणीत शिक्षणाला जागा नाही असे जे वर लिहिले, ते कदाचित घाईचे झाले. ती जागा तिसऱ्या पायरीवर, चाकरीच्या आड असावी.

आणि तो नांगर. त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण म्हणीतले तिन्ही शब्द त्या एका वस्तूत एकत्र आले आहेत. नोकरी सोडलेल्या माणसाने व्यापार म्हणून शेतीसाठी तो घडवला. शेतकऱ्यांनी तो लगेच घेतला नाही. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज होता आणि पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी आपल्या संस्थानात जमीन आणि कर्ज दिले, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. हे नांगर खेडोपाडी खपवायला विक्रेते लागले. त्यांपैकी एक होते भाऊराव पाटील. त्याआधी ते ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील विकत. महाराष्ट्र ज्यांना कर्मवीर म्हणतो त्या माणसाने आधी कंदील विकले आणि मग नांगर, हे योगायोगाने घडले असले तरी त्याहून जुळणारे काही सुचवता येणार नाही. भाऊरावांकडे पदवी नव्हती. नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्या मनातला विषाचा समज काढायचा, आणि ते काम शिकवण्याचेच होते. गावोगाव फिरलेल्या या विक्रेत्याने कारखाना काढला असता तर नवल नव्हते. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’ ही योजना उभी केली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. पदवीवाचून इतके उभे करता येते हे ज्यांना स्वतःच्या आयुष्यावरून ठाऊक होते, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेजच का काढले?

या ‘का’चे एक उत्तर जोतीराव फुल्यांच्या आयुष्यात सापडते. फुले स्वतः यशस्वी ठेकेदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांची भागीदारी होती, कात्रजच्या बोगद्याच्या कामातही त्यांचा वाटा होता, आणि धंद्यातला पैसा त्यांनी चळवळीत घातला. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी मागणी केली ती खालच्या थराच्या प्राथमिक शिक्षणाची, आणि सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो ही तक्रारही केली. धंदा त्यांना कळत होता, तरीही रयतेच्या पोरांनो, थेट धंद्यात पडा, असे ते म्हणाले नाहीत. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या पेढी आहे, त्यांना पत जन्मतः मिळते. आडनाव सांगितले की माल उधारीवर मिळतो. ज्याच्याकडे ती पत नाही, त्याला अनोळखी माणसापुढे उभे राहताना कागद लागतो, भाषा लागते, आणि आपल्या गावाबाहेरचे चार मित्र लागतात. कॉलेज बरे-वाईट कसेही असो, या तीन गोष्टी तिथे मिळू शकतात. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे. अनेक घरांत मुलीने कॉलेज सोडले की दुसऱ्या दिवसापासून धंद्याची नव्हे, लग्नाची बोलणी सुरू होतात. तिच्यासाठी ती तीन वर्षे म्हणजे घराने मान्य केलेली एकमेव मोकळीक असते. कॉलेज सोडण्याचा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी आपण कुणाशी बोलतो आहोत हे आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

यावर आक्षेप येईल, आणि तो मला परतवता येत नाही. तुम्ही सांगता ते कॉलेज आज कुठे आहे? जर्नल एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी उतरवायचे, हजेरीची टक्केवारी सांभाळायची, केटी लागली की सोडवत बसायचे. वर्कशॉपमधले यंत्र चालते की नाही, हे परीक्षेपुरतेच पाहायचे. लक्ष्मणरावांना जी संस्था घडवू शकली ती आज त्याच रूपात प्रत्येक तालुक्याच्या गावी नाही. त्याहून गंभीर गोष्ट कर्जाची. शैक्षणिक कर्ज काढून खासगी कॉलेजात शिकलेला मुलगा बाहेर पडतो तेव्हा हप्ता त्याची वाट पाहत असतो. त्याला पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते. ज्या विम्याच्या भरवशावर उडी घ्यायची, त्या विम्याचाच हप्ता त्याला उडी घेऊ देत नाही. ही अडचण खरी आहे. तरी यावरून कॉलेज टाकाऊ ठरते, असे म्हणायला मन धजत नाही, कारण रसायनासारख्या धंद्यात कॉलेजावाचून पाऊलही पडत नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीमधून, म्हणजे आजच्या आयसीटीमधून, शिकून बाहेर पडलेल्या केकी घरडांनी जी कीडनाशके बनवली, ती दुकानाच्या गल्ल्यावर बसून सुचणारी नव्हती. आणि तिसऱ्या पायरीवरच्या ज्या नोकरीत धंदा शिकायचा, ती आज मिळवायलाही बहुतेक ठिकाणी डिग्रीच मागतात. म्हणजे फिरून तिथेच आलो. मधला मार्ग कागदावर आहे. विद्यार्थी-उद्योजकांसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय धोरणाने सत्राची किंवा वर्षाची रजा घेऊन, धंदा करून परत येण्याची मुभा संस्थांनी द्यावी, असे सुचवले आहे. गेट्स यांना मिळालेला परतीचा दरवाजा इथेही ठेवता येतो. पण रजा संपल्यावर परत येणाऱ्याकडे वर्ग, शिक्षक आणि घर कोणत्या नजरेने पाहतील, हे धोरणाने ठरत नाही. ते त्या ‘मध्यम’ शब्दावर ठरते.

सुरुवातीला वाटले होते की उत्तर कॉलेजच्या बाजूने झुकेल. आता तितकी खात्री नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद कॉलेज अर्धे सोडून घरच्या व्यवसायात आले. पुढे त्यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी, तिन्हींचे उद्योग उभे केले. आज सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते, आणि तिथे प्रवेश मिळवण्यासाठी मुले वर्षभर रात्री जागवतात. पुण्यात गरवारे महाविद्यालय आहे. आबासाहेब गरवारेंचे शालेय शिक्षणही तुटपुंजेच होते. स्वतः कॉलेजावाचून मोठे झालेल्या माणसांचीच नावे कॉलेजांच्या कमानींवर दिसतात. त्यांना त्या दरवाजातून आत जायचे राहून गेल्याची खंत होती, की आपल्यासारखा धोका दुसऱ्यांच्या मुलांनी पत्करू नये असे वाटत होते, हे त्या कमानी सांगत नाहीत. लक्ष्मणरावांनी आपल्या मुलाला, शंतनुरावांना, शिकायला अमेरिकेत पाठवले. १९२६ साली ते एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परतले आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात कामाला लागले.