रिकामी परतणारी गाडी

संधी दिसते ती जन्मजात व्यापाऱ्याला, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. भिवंडीत राहून ते आणखी पक्कं झालं. काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या भातशेतांवर गोदामं उठली, तेव्हा मी म्हणायचो, जमीन मोक्याची निघाली, नशीब फळफळलं.

हे मत हललं १ जुलै २०१७ नंतर. त्या दिवशी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. इथली गोदामं वाढली होती ती जकातीपायीच. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात लागायची. म्हणून तो अलीकडे, आमच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत उतरायचा आणि खपेल तसा शहरात जायचा. आता गोदामं ओस पडणार, असं जो तो म्हणत होता, मलाही तेच वाटत होतं. झालं उलटं. करासाठी राज्याराज्यांत गोदाम ठेवायची गरज संपली, कंपन्यांना मोठ्या जागा हव्या झाल्या, आणि महामार्ग, जेएनपीटी बंदर, मुंबईचं गिऱ्हाईक हे सगळं भिवंडीच्या जवळच होतं. जीएसटीची चर्चा कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत उघड चालू होती. ‘जकात गेल्यावर इथं काय उरेल?’ हा प्रश्न तेव्हा कुणालाही विचारता आला असता.

भिवंडी रोड स्टेशनचंही तसंच. वसई-दिवा मार्गावरचं हे स्टेशन, प्रवासी गाड्या मोजक्याच. आमच्या लेखी ते नसल्यासारखं. २०२० साली, टाळेबंदीच्या वर्षात, मध्य रेल्वेनं तिथून पार्सल भरायला सुरुवात केली. माल थेट कोलकात्याजवळच्या शालिमारला, गुवाहाटीजवळच्या आझाराला जाऊ लागला. रूळ आधीपासून होते, गोदामंही होती. मधलं थोडंसं अंतर कुणी मोजलं नव्हतं.

मग मी नजरेला वळण लावायला लागलो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातल्या एका जाणत्या माणसानं वाट दाखवली. “गाडी काय घेऊन जाते ते सगळे बघतात. परत येताना भरून येते की रिकामी, ते बघा.” रिटर्न भाडं मिळवून देण्यावर किती दलालांची घरं चालतात, हे तेव्हा उमगलं. आता कुठेही गेलो की तेच बघतो: काय रिकामं परततं, काय नुसतं पडून आहे, कोणत्या नियमामुळे एखादी गोष्ट इथं आहे आणि तो नियम उठला तर तिचं काय होईल. सवयीनं दिसू लागतं, हे आता मी छातीठोकपणे सांगतो. मात्र दिसलं म्हणजे हाती आलं असं नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्या हमालाला हे सगळं माझ्या कितीतरी आधी दिसलेलं असतं, आणि ही गोष्ट मला फार सलते.

सध्या माझं लक्ष बंद पडलेल्या यंत्रमागांकडे आहे. माग भंगारात वजनावर जातात. पण शेड तिथंच राहते, वीजजोडणी राहते, आणि कापडावर हात फिरवून दोष ओळखणारा कारागीरही याच गल्लीत राहतो. या तिघांना एकत्र कोणतं काम देता येईल, हे मी भेटेल त्या कारखानदाराला विचारतो आहे.